नारंगी गाल आणि काउंटरच्या तीन चकरा

एका मेकअपच्या डबीचे साडेबाराशे रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा सूर असा का लागलाय ते कळेल.

रोज ऑफिसला जाताना गालांना थोडं कॉन्टूर करावं, म्हणजे गडद रंगाने सावली भरून ते जरा आत गेल्यासारखे दाखवावेत, एवढीच माझी हौस होती. माझा चेहरा गोल, आईच्या भाषेत ‘पुरणपोळी’, आणि व्हिडिओ कॉलवर तर तो आणखीच सपाट दिसतो. किम कार्दशियनने २०१२ मध्ये स्वतःचे ते पट्ट्यापट्ट्यांचे फोटो टाकल्यापासून कॉन्टूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पट्टेरी वाघच येतो. मला तसलं काही नको होतं. पुण्यात वनाजहून सकाळची मेट्रो गाठणाऱ्या बाईला पाच मिनिटांत जमेल आणि समोरच्याला कळणारही नाही, इतपतच.

लावायचं कसं ते चार दिवसांत जमलं, ते पुढे सांगते. घोडं अडलं ते शेडपाशी. खरं सांगायचं तर एका काउंटरपाशी.

मॉलमधलं मोठं दुकान. नाव लिहीत नाही. शनिवारी संध्याकाळी गेले. आरशाभोवती गोल गोल पिवळे दिवे, त्यांच्यापुढे बसलं की कुणीही देखणं दिसतं. काउंटरवरची मुलगी गोड होती, अगदी मनापासून ब्रश फिरवत होती. म्हणाली, “मॅम, तुमचा अंडरटोन वॉर्म आहे, तुम्हाला हाच जाईल.” (अंडरटोन वॉर्म म्हणजे कातडीची मूळ झाक पिवळसर.) मी डबी उलटी करून पाहिली. “यावर तर ब्रॉन्झर लिहिलंय. मला कॉन्टूर हवंय.”

“सेमच असतं, मॅम.”

सेमच नसतं. हे वाक्य मी आता झोपेतून उठवलं तरी म्हणेन. ब्रॉन्झर म्हणजे उन्हात रापलेल्या कातडीचा रंग. तो उबदार, तांबूस-पिवळा असतो, बऱ्याचदा त्यात बारीक चमकही असते, आणि तो लावायचा जिथे ऊन पडतं तिथे: कपाळावर, गालाच्या उंचवट्यावर, नाकावर. कॉन्टूर याच्या बरोब्बर उलट. जिथे उजेड पोचत नाही तिथली ती खोटी सावली. म्हणून ती मॅट, म्हणजे बिनचमकीची हवी, थोडी करडेपणाकडे झुकणारी हवी, आणि आपल्या रंगापेक्षा फार तर दोन शेड गडद. पण हे ज्ञान मला त्या शनिवारी नव्हतं. पिवळ्या उजेडात गाल छान आत गेल्यासारखे दिसले आणि मी कार्ड काढलं.

सोमवारी मोठ्या उत्साहाने लावून निघाले. मेट्रो नदीवर आली, खिडकीतून लख्ख उजेड तोंडावर पडला, आणि मी सहज फोनचा कॅमेरा उघडला. दोन्ही गालांवर गेरू. घरच्या ट्यूबलाइटखाली यातलं काही दिसलं नव्हतं. येरवड्यापर्यंत रुमालाने घासत राहिले, तर गेरूच्या जागी लाल चट्टे. उरलंसुरलं ऑफिसात पोचलं. शेजारच्या टेबलवरची मैत्रीण जवळ आली आणि हळूच टिश्यू पुढे करत म्हणाली, “अगं, गालाला मिसळीची तर्री लागलीये तुझ्या.”

मंगळवारी पहिली चकर. “मॅम, सील ओपन आहे.” सील उघडल्याशिवाय लावणार कसं, हे मी विचारलं. “मॅनेजर सर ब्रेकवर आहेत.” चाळीस मिनिटं मी उभी. त्या वेळात तीन वेगवेगळ्या मुलींनी माझ्या मनगटावर तीन वेगवेगळी अत्तरं मारली, आणि वीस टक्के सूट असलेल्या लिपस्टिकबद्दल मला चार वेळा सांगण्यात आलं. मॅनेजर आले. वापरलेला मेकअप आरोग्याच्या कारणाने परत घेता येत नाही, म्हणाले. यात त्यांचं चूक नाही हे मलाही मान्य आहे. दुसऱ्या कुणाच्या गालावरून आलेली डबी मीही विकत घेणार नाही. पण माझा मुद्दा वेगळा होता. मी मागितलं एक, मला दिलं दुसरं, आणि वर ते एकच आहे असं सांगितलं. “असं कोण म्हणालं?” मी वर्णन केलं. तिची सुट्टी होती. “गुरुवारी त्या असतील, त्यांच्यासमोरच बोलू.” जणू खूनखटल्यातली साक्षीदार.

गुरुवारी तिची शिफ्ट बदललेली. तिच्याऐवजी दुसरी होती, पहिलीहून आत्मविश्वासाची. तिने मला पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं, पुन्हा त्याच दिव्यांपुढे, आणि माझ्याच डबीतला तो रंग माझ्याच गालावर फिरवून म्हणाली, “बघा ना, किती नॅचरल दिसतंय!” आणि दिसत होतं हो! हाच तर घोळ होता. मी म्हटलं, “चार पावलं बाहेर चला, काचेच्या दारापाशी उजेड आहे, तिथे बघा.”

“काउंटर सोडता येत नाही, मॅम.”

मी एकटीच दारापाशी जाऊन उभी राहिले, तिथून हाताने तिला गाल दाखवला. तिने लांबूनच अंगठा वर केला. सुरक्षारक्षकाने मात्र नीट निरखून पाहिलं आणि नजर वळवली. त्या सगळ्या दुकानात खरं मत तेवढंच मिळालं मला.

शनिवारी तिसरी चकर, कारण बिलाच्या खाली मुंगीच्या अक्षरांत सात दिवस लिहिले होते आणि तो सातवा दिवस होता. या वेळी मी घरून वाक्यं पाठ करून गेले होते. उपयोग शून्य. परत नाही, बदलून नाही. पण ‘आमच्याकडून’ म्हणून माझ्या कार्डावर शंभर पॉइंट टाकले, जे दोन हजारांच्या वर खरेदी केली तरच वापरता येतात. म्हणजे नुकसानभरपाई मिळवायची तर आधी आणखी दोन हजार घालवा. पार्किंगपर्यंत पोचते न पोचते तोच मेसेज आला: तुमचा अनुभव कसा होता? एक तारा दिला. कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘सेमच नसतं.’

मधल्या काळात रागाच्या भरात मी आणखी एक चूक केली होती, तीही सांगते. ब्रॉन्झर नारंगी, तर आपण एकदम थंड रंग घेऊ म्हणून ऑनलाइन एक करडी कॉन्टूर स्टिक मागवली. फोटोतल्या गोऱ्यापान मुलीला ती शोभत होती. माझ्या गव्हाळ गालावर चुलीतली राख फासल्यासारखी दिसली. आपल्याकडच्या बहुतेक रंगांना नारंगीही नको आणि राखही नको. या दोन्हींच्या मधला, मातकट तपकिरी हवा. (ऑनलाइन घेतलेलीही परत जात नाही. विचारू नका.)

सुटका केली मामाने. तो बँकेतून निवृत्त झाला, पण सगळी तरुण वर्षं हौशी नाटकांची रंगभूषा करण्यात गेली. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांतल्या कॉलेजच्या पोरांना भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभ्या उभ्या म्हातारं करून सोडायचा. रविवारी जेवायला आला होता. मी डबी त्याच्यापुढे ठेवली. त्याने बोट फिरवलं, खिडकीकडे धरलं आणि हसला. “सावली कधी नारंगी असते का गं?”

मग मला गॅलरीत नेलं आणि आरसा हातात दिला. “उजेडाकडे तिरकी उभी राहा. जबड्याखाली गळ्यावर सावली पडलीये, दिसली? तो रंग शोध.” एवढंच. तीन चकरांत मला जे कुणी सांगितलं नाही ते त्याने वरण-भात व्हायच्या आत सांगितलं. म्हणाला, दुकानातला आरसा म्हणजे रंगमंच, पिवळ्या दिव्यात नारंगी खपून जातो, म्हणून आम्ही मुद्दाम भडक भरायचो. तू त्या दिव्यांखाली जगतेस का?

तो रंग शेवटी माझ्याच ड्रॉवरमध्ये सापडला. भावाच्या लग्नाच्या वेळी घेतलेल्या आयशॅडो पॅलेटमध्ये कोपऱ्यातला एक मळकट तपकिरी, मॅट, कधी न वापरलेला. पॅलेटच्या मागे उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यातला आकडा म्हणजे उघडल्यावर किती महिने वापरायचं. माझ्या पॅलेटवर २४ होता, उघडून वर्षच झालेलं. तुम्हीही बाजारात जायच्या आधी घरचे ड्रॉवर पाहा. नाहीतर तुमच्याच फाउंडेशनची दोन शेड गडद छोटी बाटलीही चालते. आणि काउंटरवर गेलातच तर रंग जबड्यावर लावून घ्या, काही न घेता बाहेर पडा, एक चहा प्या, मग उजेडात बघा. काही रंग तासा-दोन तासांत तेलाने गडद होतात, तेही तेवढ्यात कळतं.

आता लावायचं कसं. गाल आत ओढून माशासारखं तोंड करतात ना, ते करू नका. त्याने रेघ फार खाली जाते आणि माणूस आजारी दिसतो. बोटांनी गालाचं हाड चाचपा आणि हाडाच्या लगेच खाली, कानाच्या वरच्या टोकापासून सुरू करा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सरळ खाली ओघळ आला तर तो जिथे येईल, तिथे थांबा. त्याच्या पुढे तोंडाकडे गेलात की मिशी. सगळ्यात गडद कानापाशी, पुढे विरत जाणारं. ब्रश वरच्या दिशेने, खाली ओढायचा नाही. लहान तिरपा ब्रश तुळशीबागेत स्वस्तात मिळतो, मोठा पावडरचा ब्रश घेतला तर अर्धा गाल तपकिरी. ब्रशवर उरलेलं तेवढंच कपाळाच्या कडेला, केसांपाशी, आणि जबड्याखाली गळ्याकडे. नाकाला रोज काही करू नका, ऑफिसात कुणी इतक्या बारकाईने नाक बघत नाही.

हां, त्याआधी सनस्क्रीन. तो लावून दहा मिनिटं थांबा. मी तेवढ्यात डबा भरते. ओल्या सनस्क्रीनवर काहीही लावलं की त्याच्या वळ्या निघतात, आणि पांढरट पडणारा सनस्क्रीन असेल तर वरचा चांगला तपकिरीही राखेचा दिसतो. क्रीमची स्टिक असेल तर पावडरच्या आधी. पावडर लावून झाल्यावर वर क्रीम चोपडलंत तर ठिपके ठिपके होतात, ते पुसून पहिल्यापासून. स्टिकची रेघ ओढू नका, तीन ठिपके द्या आणि ओल्या स्पंजने थापा.

गाडीवर जाणाऱ्यांनी स्कार्फचं ध्यानात ठेवा. आपण पुण्याच्या पोरी तोंड बांधतो ते नेमकं गालाच्या हाडावरून. माझ्या पांढऱ्या स्कार्फला आतून दोन तपकिरी कमानी उमटल्या होत्या, धुतल्या तरी हलक्याशा आहेतच. म्हणून गाडीच्या दिवशी मी कॉन्टूर पर्समध्ये ठेवते आणि पोचल्यावर वॉशरूममध्ये लावते. तिथला दिवाही वाईटच आहे, पण आता हाताला सवय झालीये.

टिश्यूवाली मैत्रीण गेले दोन महिने काही बोललेली नाही. मध्यंतरी मीच न राहवून विचारलं, माझ्या चेहऱ्यात काही वेगळं वाटतंय का? तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “भुवया केल्यास?”

ती साडेबाराशेची डबी मी टाकली नाही, टाकवेना. डिसेंबरात भाच्याचं शाळेत गॅदरिंग होतं, त्याला मावळा व्हायचं होतं. मामाने काजळाने मिशा काढल्या, मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाला, “आण तो तुझा गेरू.” दोन्ही गालांवर, कपाळावर, मानेवर सढळ हाताने भरला. स्टेजवरचे पिवळे दिवे लागले आणि पोरगं उन्हातून गड चढून आल्यासारखं दिसलं.