कॉल लॉगमधला 'डायवर'

गळीत हंगाम ऐन भरात होता. वाळवा तालुक्यात उतरलेल्या बीडच्या टोळीतल्या एका ऊसतोड कामगाराचा ट्रूनॅट, म्हणजे टीबीच्या तपासणीचा रिपोर्ट, पॉझिटिव्ह आला. मी टीबीचा एसटीएस, म्हणजे उपचारांवर देखरेख ठेवणारा पर्यवेक्षक. पेशंटची औषधं सुरू करायची, 'निक्षय' या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद करायची आणि त्याच्या संपर्कातली माणसं हुडकायची, हे माझं काम. आशाताईंना घेऊन दिवेलागणीला टोळीच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर गेलो. दिवसा जाऊन उपयोग नसतो, सगळे फडात.

मोबाइलला रेंज एक कांडी. वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या ढिगावर उभं राहून फोन उंच धरला तेव्हा कुठं अ‍ॅप उघडलं. घरात कोण? बायको आणि चार वर्षांची पोर. खोकला नाही, ताप नाही, वजनही उतरलेलं नाही. टीबी नाही याची खात्री झाली की दोघींना प्रतिबंधक गोळ्या, पोरीला वजनाप्रमाणे. टोळी गावी परतली तरी निक्षयवर केस तिकडे ट्रान्स्फर करता येते. फॉर्म भरला. कागदोपत्री काम संपलं.

तेवढ्यात पेशंटचा फोन वाजला. स्क्रीनवर 'डायवर'. त्यानं कट केला, परत वाजला.

"ट्रकवाला हाये. रात्री खेप हाये."

"दादा, फोन जरा बघू का?"

त्यानं दिला. कॉल लॉग खाली सरकवत गेलो. डायवर, डायवर, डायवर. रात्री अकरा, पहाटे तीन. दोन महिने हा भरल्या ट्रकबरोबर कारखान्यावर जात होता. नंबर लागेपर्यंत सहा-सात तास दोघं केबिनमध्ये, थंडी म्हणून काचा वर. कोपीच्या पाचटातून निदान वारा तरी आरपार जातो. आणि मी 'घरात कोण' विचारत बसलो होतो!

बायको आतून म्हणाली, "खोकला तर डायवरलाबी हाये की. यांच्या आधीपासून."

मी फोन लावला. "रोगबीग काय न्हाय मला," म्हणून त्यानं ठेवून दिला. मग पेशंटनंच लावला, दहा मिनिटं काय बोलला कोण जाणे. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन आलं. साडेनऊला कारखान्याच्या यार्डात, ट्रकांच्या रांगेत त्याला गाठलं. थुंकीचा एक नमुना तिथंच घेतला. दुसरी डबी पहाटेसाठी दिली, ती त्यानं डॅशबोर्डवरच्या गणपतीमागं ठेवली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह. नोंद करायला बसलो तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

"घरी सांगू नका, सायेब." मग थोड्या वेळानं, "पण म्हातारी हाय घरात. दोन पोरं हायत."

मी फोन पुन्हा उघडला.