टूलच्या वर्णनावर एवढा वेळ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. टूल म्हणजे एआय मॉडेलला माहिती आणायला किंवा एखादं काम करायला आपण लिहून दिलेलं फंक्शन; ते कशासाठी आहे हे मॉडेलला सांगणाऱ्या ओळी म्हणजे त्याचं वर्णन. जळगावात इंजिनिअरिंगची मुलं भेटली की हा प्रश्न हमखास येतो: "सर, टूलचा कोड तुम्ही झटपट उरकता, मग त्याच्या चार ओळींच्या वर्णनावर एवढे का अडून बसता? मॉडेल हुशार आहे, घेईल की समजून."

हुशार आहेच. पण तुमचा कोड त्याला दिसत नाही. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने अशी टूलं बोलवायची सोय, आणलं, तेव्हापासून रचना साधारण तीच आहे. मॉडेलच्या हाती टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कशा रूपात भरायची याचा स्कीमा (आराखडा), एवढंच पडतं. कोणतं टूल बोलवायचं हे ते त्यावरूनच ठरवतं. फंक्शन आतून कितीही नेटकं असो, ते आपल्या सर्व्हरवर चालतं.

आम्ही एका शेतकरी कंपनीसाठी भाव सांगणारा एजंट, म्हणजे मॉडेल आणि टूलं जोडून केलेला मदतनीस प्रोग्रॅम, चालवतो. शेतकरी विचारतो, "आज कापूसना काय भाव शे?" आमच्याकडे याची तीन उत्तरं असतात. बाजार समितीत सरकीसकट कापसाचा क्विंटलचा भाव हे पहिलं. दुसरं, सरकारचा हमीभाव. लांब धाग्याला २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० रुपये. आणि तिसरं, जिनिंगवाले ज्यात बोलतात तो सरकी काढलेल्या रुईचा खंडीचा भाव. खंडी म्हणजे ३५६ किलो. तिन्ही टूलांवर "कापसाचा भाव देते" एवढंच लिहिलं, तर मॉडेल अंदाजाने एक उचलणार आणि ठामपणे सांगणार. खंडीचा आकडा गेला तर शेतकरी लगेच ओळखतो. पण हमीभाव आजचा बाजारभाव म्हणून गेला, तर तो गाडी भरून निघतो. बाजारात भाव कमी निघाला, की भाडं त्याच्याच खिशातून जातं. म्हणून मी त्या चार ओळींवर बसतो.

बाजारभावाच्या टूलचं वर्णन आता असं आहे: "दिलेल्या बाजार समितीतला, दिलेल्या तारखेचा, सरकीसकट कापसाचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. एकक: रुपये प्रति क्विंटल. हमीभावासाठी किंवा रुईच्या खंडीच्या भावासाठी हे वापरू नये. त्यांची टूलं वेगळी आहेत. त्या दिवशी लिलाव झाला नसेल तर उत्तर रिकामं येतं. अशा वेळी आधीच्या दिवसाचा भाव आजचा म्हणून सांगू नये."

यातलं "वापरू नये" हे वाक्य माझ्या मते सगळ्यात कामाचं. टूल काय करतं हे सगळेच लिहितात. कुठे थांबायचं ते लिहायचं राहून जातं. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे टूलं कुठल्याही एजंटला जोडायची सामाईक पद्धत, खुला केल्यापासून तर आपलं टूल दुसऱ्या कुणाच्या एजंटमध्ये, अनोळखी टूलांच्या शेजारी जाऊन बसू शकतं. तिथे सांगायला आपण नसतो.

पॅरामीटरचं, म्हणजे टूल बोलवताना मॉडेल जी माहिती भरतं तिचंही तेच. "ठिकाण" असं लिहून सोडलं, की धुळे म्हणजे जिल्हा, तालुका की बाजार समिती? जळगाव म्हणजे आपलं की बुलढाण्यातलं जळगाव जामोद? जिथे ठरावीक पर्याय असतात तिथे ते एनममध्ये, म्हणजे स्कीमातल्या ठरीव यादीत, बांधून टाकावेत. केळीत नवती आणि पिलबाग यांचे भाव वेगळे निघतात, मग तो प्रकार मॉडेलला मोकळ्या मजकुरात का लिहू द्यायचा? तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने मागावी, नाहीतर ०५/०६ चा जून की मे हा घोळ ठरलेला.

चूक झाल्यावर टूल जो संदेश परत पाठवतं, तोही मी वर्णनाचाच भाग धरतो. नुसतं "एरर ४००" परत गेलं तर एजंट तीच चूक पुन्हा करत बसतो. "या नावाची बाजार समिती नाही; जवळची नावं: चोपडा, यावल, रावेर" असं गेलं, तर पुढच्या खेपेला तो बहुतेक वेळा स्वतःच सुधारतो.

एक गोष्ट मात्र वर्णनावर सोपवू नका. शेतकऱ्यांना एसएमएस पाठवणारं टूल असेल, तर "हा संदेश परत घेता येत नाही, आधी विचारा" असं जरूर लिहा. पण परवानगीची अट कोडमध्येच हवी. वर्णन मॉडेल वाचतं, बहुधा पाळतं. कुलूप म्हणून ते चालत नाही.

मग खूप लांब लिहायचं का? तेही नको. टूलांची यादी एरवी प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जाते; टोकन (मॉडेल मजकूर ज्यांत मोजतं ते तुकडे) खर्च होतात आणि कामाची ओळ गर्दीत हरवते. अँथ्रॉपिकची मार्गदर्शक पानं एका टूलला किमान तीन-चार वाक्यं सुचवतात. मला ते माप पटतं. एक वाक्य बदललं की शेतकऱ्यांचे खरे प्रश्न पुन्हा चालवायचे आणि कोणतं टूल निवडलं गेलं ते बघायचं.

आणि वर्णन एकट्याने लिहू नका. कोड बंद ठेवून, नुसतं वर्णन कापसाच्या धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवा. आमच्या ओळखीच्या एका जिनिंगच्या मुनीमजींनी पहिल्याच वाचनात विचारलं, "भाव कोणत्या ओलाव्याचा?" सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव देते, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते. आमच्या माहितीत ओलावा नव्हताच. मग वर्णनात एक ओळ वाढली: "ओलाव्यानुसार होणारी कपात या भावात धरलेली नाही, शेतकऱ्याला तसं सांगावं."