अपवाद : घरचे नोकर

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहराच्या जुन्या खरेदीखतांतील वांशिक अटी, म्हणजे गोऱ्यांखेरीज इतरांना घर देऊ नये अशी कलमे, शोधून नकाशावर आणणाऱ्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ या मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी मी स्वयंसेवकांच्या वाचनबैठका घेते. स्कॅन केलेल्या दस्तांतून संगणक संशयास्पद शब्द हेरतो खरा, पण ‘व्हाइट’ म्हणजे वंश की खरेदीदाराचे आडनाव, हे त्याला उमगत नाही. म्हणून प्रत्येक दस्त अनेकांच्या नजरेखालून जातो. खरी मेहनत त्यानंतरची. या दस्तांत बहुधा घराचा पत्ता नसतो, केवळ लॉट म्हणजे भूखंडाचा क्रमांक, ब्लॉक आणि वसाहतीचे नाव असते, आणि मधल्या काळात कुठे एका लॉटचे दोन झालेले, तर कुठे दोन जोडलेले असल्यामुळे जुना नकाशा आजच्या मिळकतींवर बसवताना दिवस जातात. हे काम यंत्र करते असे समजणाऱ्यांनी एक दिवस आमच्याबरोबर बसावे.

गेल्या हिवाळ्यात सत्तरी ओलांडलेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ आले. आई ज्या घरी कामाला होती, त्या घराचा दस्त त्यांना पाहायचा होता. तो सापडला. गोऱ्या वंशाखेरीज कोणालाही ही मिळकत विकू वा भाड्याने देऊ नये, असे लिहून पुढे अपवाद नोंदवला होता : घरी राहणारे नोकर. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले. “आई तिथेच तळघरात झोपायची,” ते म्हणाले.

त्याच टेबलावरच्या एका तरुण घरमालकिणीला २०१९ च्या राज्य कायद्यानुसार आपल्या घरावरची अशीच अट रद्दबातल नोंदवून घ्यायची होती. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांना अशा अटींची अंमलबजावणी करण्यास मनाई केली आणि १९६८ मध्ये घरांच्या व्यवहारांत वंशभेदाला बंदी घालणारा संघीय कायदा आला, त्यामुळे त्या अटीत जीव उरलेला नाही. तरी तिची कळकळ खरी होती. “खोडू नका,” ते तिला म्हणाले. मूळ दस्त तसाच राहतो, सोबत नवा दस्त नोंदला जातो, हे मी सांगितल्यावर ते निवळले.

मग त्यांनी विचारले, “आईला तेव्हा ते घर घेता आले असते, तर आज आमच्याकडे काय असते?” नकाशा पाहून हळहळणारे मला पुष्कळ भेटतात, या प्रश्नाशी थांबणारे फार थोडे, आणि त्यांत आम्ही संशोधकही आलो. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी दस्ताची छापील प्रत मागितली आणि अपवादाची ओळ वर दिसेल अशी घडी घालून ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.