लॉनच्या गवताची तिसरी गोणी

त्या सोमवारी सकाळी सातलाच ऊन चटका देत होतं. मे महिना, धुळ्यात पारा ४३ अंशांच्या पुढे. देवपूरच्या एका बंगल्याचं लॉन सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. अडीच हजार चौरस फूट. पुण्याकडच्या नर्सरीतून लाल मातीसकट ट्रकने आलेलं गवताचं कार्पेट मीच अंथरलं होतं. कापणी केली, तीन गोण्या गवत निघालं, आणि नेहमीसारखं ते मागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकून मी दुसऱ्या कामाला गेलो.

अकराच्या सुमारास विसरलेली कात्री घ्यायला परत आलो तर प्लॉटवर दोनच गोण्या. शेजारच्या पोराने सांगितलं, मागच्या गल्लीतल्या मावशी एक घेऊन गेल्या, त्यांच्याकडे शेळ्या आहेत. माझे हातपाय गार पडले. शनिवारी संध्याकाळी वाळवीसाठी त्याच लॉनवर मी क्लोरपायरिफॉस फवारलं होतं.

पळत गेलो. पत्र्याच्या सावलीत तीन शेळ्या आणि एक करडू. गोणीचं तोंड उघडं, करडाच्या तोंडात हिरवा घास. मी गोणी ओढली तशा मावशी बाहेर आल्या.

"काय जयं भाऊ? तुम्हीन ते फेकीच देतस ना? मन्या बकऱ्यासले व्हई म्हनीसन लई उनू."

मी म्हटलं, मावशी, यावर औषध मारलंय, विषारी आहे. त्या गोणीकडे बघत राहिल्या.

"इतला हिरवा चारा, आनि जहर?"

ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. लाळ गळते का, अंग थरथरतं का, पाय लटपटतात का, यावर लक्ष ठेवा, यातलं काही दिसलं तर लगेच कळवा, मी या विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन घेऊन निघतो, असं ते म्हणाले. मग मी आणि मावशी त्या करडासमोर बसून राहिलो. बारा ते पाच. दुपारची दोन्ही कामं मी रद्द केली. मावशी मधूनमधून त्याच्या तोंडावरून हात फिरवून तळवा बघायच्या. होळीनंतर पांझरा नदीच्या काठाला हिरवं काही राहत नाही, पाला विकत आणावा लागतो, असं त्या सांगत होत्या. रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. संध्याकाळी करडू आईला लुचायला लागलं तेव्हा मी उठलो.

माझं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावर. तिथे फड पद्धत होती, म्हणजे नदीवर बंधारा घालून पाटाचं पाणी गावाने वाटून घ्यायचं. आजोबा फडावर पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी सोडणारे होते. कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं हे ठरलेलं, आणि नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारं क्षेत्रही कमी. बांधावरचं मारवेल आणि माळावरची कुसळी पावसाळ्यात वाढायची, दिवाळीपर्यंत बी टाकायची आणि उन्हाळाभर वाळून पडायची. ती मेलेली नसायची, झोपलेली असायची. जूनचा पहिला पाऊस झाला की आठ दिवसांत माळ हिरवा. खान्देशातल्या गवताला ही झोप लागतेच. लॉनला आम्ही बाराही महिने जागं ठेवतो, आणि तो सगळा भार पाण्यावर, युरियावर आणि फवारणीवर पडतो.

मंगळवारी सकाळी मी मापच घेतलं. लॉनच्या पाइपाखाली १५ लिटरची बादली धरली. ४० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साडेबावीस लिटर. पाइप दोन तास चालतो. रोजचे २,७०० लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्या हिशोबाने वीस माणसांचं पाणी. आमच्याकडे नळ रोज येत नाही. हे पाणी बोअरचं, म्हणजे आख्ख्या गल्लीच्या पोटातलं. वर महिन्याला युरिया टाकायचा. मुळांनी न घेतलेला नत्र नायट्रेट होऊन त्याच भूजलात उतरतो, आणि थोडा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा.

हे मला मुलीने समजावलं, ती इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकते. तिनेच अमेरिकेचंही वाचून दाखवलं. क्रिस्टिना मिलेसी या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या मदतीने २००५ मध्ये अंदाज काढला, की तिथे लॉनसारखं गवत सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटरवर आहे. अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त. आणि ज्या देशात ही हौस एवढी पसरली, त्याच देशातल्या नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा केला: रस्त्याकडेच्या आणि कार्यालयांपुढच्या निव्वळ शोभेच्या गवताला २०२६ नंतर कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायचं नाही. घरांची अंगणं त्यातून वगळली आहेत, तरी हे ऐकून मला धीर आला.

बंगल्यातल्या वहिनींना मी सगळं सांगितलं, शनिवारच्या फवाऱ्यापासून बादलीपर्यंत. काम जाईल अशी तयारी ठेवूनच सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "करडू बरं आहे ना?" मग म्हणाल्या, नातवाला खेळायला थोडं गवत हवं, बाकीचं तुम्ही ठरवा.

दारापुढचं पाचशे फूट ठेवलं, तेही आता साध्या हराळीचं. ती तहान सोसते. उरलेलं कार्पेट जूनमध्ये उचललं, खालची काळी माती मोकळी केली, तिथे दोन कडुनिंब, एक बहावा आणि मधल्या जागेत मारवेलाची ठोंबं लावली. वाळवीचं औषध त्या आवारात पुन्हा नेलं नाही. माझ्याकडे आणखी सात लॉन आहेत. त्यांतल्या दोघांनी बादलीचं माप बघितलं आणि पाणी निम्मं केलं, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.

दिवाळीच्या आधी मारवेल कमरेला आला. पहिली कापणी केली आणि गोणी मी स्वतः मागच्या गल्लीत नेऊन ठेवली. मावशींनी मूठभर गवत काढलं, नाकाशी नेऊन वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि मगच करडाला हाक मारली.