बोटाला तीन भोकं

आज म्हसरूळला मावशींच्या गच्चीवर आम्ही सहा जणी गोधडी शिवायला बसलो. निफाडकडचा गारठा नाशकात उतरलाय, त्यामुळे उन्हाचं निमित्त होतंच.

खाली आईचं जुनं नऊवारी ताणून अंथरलं, चार कोपऱ्यांवर विटा. मध्ये विरलेल्या साड्या, धोतराचं पान, वरून ठिगळं. मग धावदोरा, काठापासून आत फेऱ्या मारत. कापडाचा झोळ हळूहळू मध्याकडे सरकवत न्यायचा, नाहीतर फुगा येतो. (माझ्या बाजूला आलाच.)

मावशींनी बसवलं कसं, ते बघण्यासारखं होतं. कोपऱ्यांवर जुन्या हाताच्या बायका, कारण ओळ तिथे वळते. आम्ही शिकाऊ त्यांच्या मधे. कुणी शिकवत नव्हतं तसं. शेजारणीच्या टाक्याची लांबी बघून आपला हात आपोआप आखडायचा. आणि ठिगळं कुठली कुठे, हे ठरवायला दिलं सगळ्यांत लहान भाचीला! बारावीतली पोर. तिने जांभळ्याशेजारी पोपटी लावलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. ऑफिसात मी टीम सांभाळते म्हणे. तिथे मी तो पोपटी केव्हाच बदलून टाकला असता.

माझे वाकडे टाके उसवू का, मावशींना विचारलं. "राहू दे गं, पुढच्या फेरीत सरळ येतील. उसवलं की कापड मरतं."

अर्धीच झालीये. रविवारी पुन्हा. जाताना अंगुस्ताना (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) घेऊन जाणार.