बार्शी लाईटचं आमचं ठेसन

आज मळ्यातनं येताना जुन्या ठेसनाकडनं आलो. ठेसन म्हणजे आता काय, दगडी जोतं, तिकिटाच्या खिडकीची कमान आणि आत कुणीतरी रचलेले बेदाण्याचे क्रेट. आताची रुंद रुळांची ब्रॉडगेज लाईन जरा लांबनं जाते, गाडी दिसते पण थांबत नाही.

कवठेमहांकाळकडच्या या माळावर १९२७ पासून रेल्वे होती म्हटलं तर बाहेरच्याला खरं वाटत नाही. कंपनी लंडनची, बार्शी लाईट रेल्वे. कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ ला ती बार्शीत आणली, १९०६ ला पंढरपूर आणि मग मिरज. दोन रुळांत अंतर अडीच फूट, म्हणजे नॅरोगेज. डोकं बघा त्याचं, इंजिन असो नाहीतर वॅगन, एका आसावर पाच टनापेक्षा जास्त भार द्यायचाच नाही, म्हणजे हलक्या रुळावर काम भागतं आणि पैसा वाचतो. शाळेची घंटा म्हणून त्यातल्याच रुळाचा तुकडा टांगलाय, वीतभरसुद्धा उंच नाही आणि रुळाचा माथा एकाच बाजूनं झिजलाय, वळणावरचा असणार.

गावात कुणालाही विचारा, नॅरोगेजची ब्रॉडगेज केली, त्या रुंदीकरणानं ठेसन घालवलं म्हणतील. मला नाही पटत. २०१० च्या आसपास रुंदीकरण झालं, पण माणसं त्याच्या कितीतरी आधी एसटीनं नाहीतर वडापच्या जीपनं जायला लागलेली. आण्णा म्हणतात, "आषाढीला टपावर बी जागा नसायची, एरवी निम्मी गाडी रिकामीच पळायची रं." आणि मालाचं तर विचारूच नका, मिरजेत नॅरोगेजचा डबा रिकामा करून मीटरगेजमध्ये भरायचा, १९७१ नंतर ब्रॉडगेजमध्ये, परत हमाली वेगळी आणि नासधूस वेगळी, द्राक्षाच्या पेट्या असल्या भानगडीत कोण घालणार? ट्रक मळ्यातनं उचलतो आणि थेट मुंबईला नेतो.

आता पंचायतीत थांबा मागायचा अर्ज चाललाय. सही केली मी, पण म्हटलं पोरांच्या कॉलेजच्या टायमाला मिरजेला जाणारी गाडी मागा, नुसती गावाच्या नावाची पाटी लागून काय उपयोग. तर सरपंच म्हणाले, मग तूच नीट लिहून आण. झालं, जेवण करून तेच खरडत बसलोय.