तुम्ही विचारलंत म्हणून: जुना खेळाडू क्लबनं परत आणावा का?

ट्रान्सफर विंडो, म्हणजे फुटबॉलपटूंच्या खरेदी-विक्रीचा काळ, उघडली की हा प्रश्न ठरलेलाच. गल्लीतली पोरं विचारतात, ऑफिसातले विचारतात, भाचा तर रात्री अकराला फोन करून विचारतो, "मामा, तो परत येतोय म्हणे जुन्या क्लबात. घ्यावा का त्याला?" नाव दरवर्षी वेगळं असतं, प्रश्न तोच. माझं उत्तरही तेच: तो बेंचवर, म्हणजे राखीव खेळाडूंत, बसायला तयार असेल तर जरूर घ्यावा. एवढं बोललो की वाद पेटतो, कारण ज्याच्याबद्दल विचारलेलं असतं त्याला बेंचवर बसलेला बघायची कुणाचीच तयारी नसते. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

वादात पहिलं नाव रोनाल्डोचं निघतं, तेव्हा तिथूनच सुरू करू. २००९ मध्ये मँचेस्टर युनायटेड सोडून रेआल माद्रिदला गेलेला रोनाल्डो बारा वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये परतला. ११ सप्टेंबरला न्यूकॅसलविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवर, युनायटेडच्या मैदानावर, उतरला आणि दोन गोल केले. त्या हंगामात लीगमध्ये त्याचे १८ गोल झाले, सगळ्या स्पर्धा धरून २४. सदतिशीला टेकलेल्या माणसानं हे केलं, त्याला मनापासून सलाम. पण आदल्या हंगामात ७४ गुण मिळवून दुसरा आलेला युनायटेड त्या वर्षी ५८ गुणांवर अडकला आणि सहावा आला. रोनाल्डोचे चाहते गोल मोजतात, टीकाकार गुण मोजतात, आणि दोघं एकमेकांना वेड्यात काढतात.

मला वाटतं, दोन्ही आकडे एकाच गोष्टीतून आले. चेंडू गेला की पुढच्या फळीनं लगेच धावून तो परत हिसकावायचा, हा आजचा खेळ. ते काम रोनाल्डोकडून त्या वयात होणार नव्हतं, म्हणून ते बाकीच्यांवर पडलं. शिवाय चेंडू पुढे गेला की तो त्यालाच द्यायचा, अशी चाल बसली. युनायटेडच्याच ब्रूनो फर्नांडिसचं बघा. आदल्या वर्षी लीगमध्ये १८ गोल करणारा हा गडी त्या वर्षी १० वर आला. पेनल्टीसुद्धा आता बहुतेक रोनाल्डो घेत होता. पुढच्या हंगामात एरिक टेन हाख हा नवा प्रशिक्षक आला आणि त्यानं रोनाल्डोला बाहेर बसवायला सुरुवात केली. १९ ऑक्टोबर २०२२ ला टॉटनहॅमविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांसाठी मैदानात उतरायला रोनाल्डोनं नकार दिला आणि सामना संपायच्या आत तो मैदानाबाहेर निघून गेला. नोव्हेंबरात करार मोडला. मी त्याला दोष देत नाही. वीस वर्षं ज्याचं नाव संघाच्या यादीत सगळ्यात आधी लिहिलं गेलं, त्यानं एका उन्हाळ्यात वेगळा माणूस व्हावं ही अपेक्षाच चुकीची. दोष त्याला आणणाऱ्यांचा. त्याच्यामुळे संघाची घडी कशी बदलेल, याचा विचार सही घेण्याआधी व्हायला हवा होता.

त्याच क्लबात दहा वर्षं आधी पॉल स्कोल्सही परतला होता. २०११ च्या उन्हाळ्यात निवृत्त झालेला, राखीव संघाच्या पोरांना शिकवणारा. ८ जानेवारी २०१२ ला मँचेस्टर सिटीविरुद्ध एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, सामन्यात बदली खेळाडूंमध्ये त्याचं नाव दिसलं, तेव्हा बघणाऱ्यांचा विश्वास बसेना. जुना १८ क्रमांक सोडून २२ क्रमांक घालून उतरला, युनायटेड ३-२ जिंकला. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, लीग जिंकूनच तो खऱ्या अर्थानं थांबला. त्यातले कितीतरी सामने त्यानं बाहेर बसून पाहिले आणि गरज पडली तेव्हा उतरला. स्कोल्स परतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारी २०१२ ला, आर्सेनलकडून थिएरी ऑन्री उतरला. आर्सेनलचा हा जुना खेळाडू काही आठवड्यांच्या उसनवारीवर आलेला. लीड्सविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि दहा मिनिटांत विजयी गोल. मी आर्सेनलवाला आहे, त्या गोलाबद्दल मला तटस्थपणे काही लिहिता येणार नाही.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते उदाहरण डर्क काउटचं. आपल्याकडे लोक त्याला लिव्हरपूलचा म्हणून ओळखतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या फेयेनोर्डमधून तो २००६ मध्ये लिव्हरपूलला गेला, मग तुर्कस्तानात फेनरबाचेकडून खेळला आणि २०१५ मध्ये, पस्तिशी गाठता गाठता, रॉटरडॅमला परत आला. फेयेनोर्ड १९९९ नंतर लीग जिंकला नव्हता. २०१६-१७ च्या हंगामात संघ अव्वल होता, पण प्रशिक्षक व्हान ब्रॉन्कहॉर्स्ट काउटला बऱ्याचदा बाहेर ठेवत होता. गावाचा लाडका खेळाडू बाहेर बसलाय म्हटल्यावर काय काय बोललं गेलं असेल, याची कल्पना करा. शेवटून दुसऱ्या सामन्यात, शहरातल्याच छोट्या एक्सेल्सियरकडून फेयेनोर्ड ०-३ हरला. दुसऱ्या क्रमांकावरचा आयाक्स फक्त एका गुणानं मागे. १४ मे २०१७, हेराक्लेसविरुद्ध शेवटचा सामना. काउट सुरुवातीच्या अकरात. पहिल्याच मिनिटात गोल, मग हेडर, मग पेनल्टी. तिन्ही गोल त्याचे, ३-१. अठरा वर्षांनी लीग रॉटरडॅमला आली आणि काही दिवसांत छत्तीस वर्षांच्या काउटनं बूट उतरवले. तो आधी कुरकुरला असता, निघून गेला असता, तर त्या दुपारी मैदानावर असलाच नसता.

फर्नांडो टोरेसचीही गत अशीच. जानेवारी २०१५ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदनं नुसतं त्याला परत आणल्याचं जाहीर करायला बोलावलं, तर व्हिसेंते काल्देरॉनवर चाळीस हजारांवर माणूस लोटला. सामना नव्हता, काही नव्हतं. नंतर प्रशिक्षक सिमिओनेनं त्याला कितीदा बाहेर बसवलं, आणि त्यावरून दोघांत कटुताही आली. तरी २०१८ ची युरोपा लीग ल्योंमध्ये जिंकली तेव्हा अगदी शेवटी तो उतरला. लहानपणापासून ज्या क्लबावर जीव टाकला त्याच्यासोबतचा पहिला मोठा करंडक त्याच्या हातात होता.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक परत आलेल्याला बेंचच का? तसं नाही. हुआन सेबास्तियन व्हेरॉन २००६ मध्ये इटली-इंग्लंड फिरून अर्जेंटिनातल्या एस्तुदियांतेसमध्ये परतला, तो संघाचा कणा म्हणूनच. त्याच वर्षी लीग, आणि २००९ मध्ये कर्णधार म्हणून कोपा लिबेर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, तीही ब्राझीलमध्ये जाऊन क्रुझेरोला हरवून. त्याच्या वडिलांनी याच क्लबासाठी १९६८ ते १९७० सलग तीनदा तो करंडक जिंकला होता. पण व्हेरॉनचा खेळ पायांपेक्षा नजरेवर चालायचा, आणि त्याच्याभोवती धावणारी पोरं क्लबकडे होती. तेव्हा बेंच ही माझी अट असली तरी खरी गोम संघाला त्या वेळी काय हवंय यात आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. पॉल पोग्बाला युनायटेडनं २०१२ मध्ये जवळजवळ फुकट जाऊ दिलं, २०१६ मध्ये ८.९ कोटी पौंड मोजून परत आणलं आणि २०२२ मध्ये पुन्हा फुकट गमावलं. चेल्सीनं आपल्याच जुन्या लुकाकूवर २०२१ मध्ये ९.७५ कोटी पौंड ओतले. पहिल्याच हंगामात त्याची नाराजीची मुलाखत आली आणि वर्षभरात तो उसनवारीवर इंटर मिलानला परत. पण हाच चेल्सी २०१४ मध्ये नेमान्या मातिचला परत आणून पुढच्याच वर्षी लीग जिंकला होता. मधल्या फळीत नेमकी त्याच्याच जागी खिंडार होतं, म्हणून तो व्यवहार जमला. एवढी रक्कम मोजल्यावर मात्र प्रशिक्षकालाही त्या खेळाडूला बाहेर बसवणं जड जातं, हे लक्षात ठेवा.

आणि आर्सेनलकडून खेळलेला स्पेनचा सांती काझोर्ला. २०१४ च्या एफए कप फायनलमध्ये हल सिटीविरुद्ध आर्सेनल ०-२ मागे असताना त्याची ती फ्री किक बसली नसती तर आर्सेनलचा नऊ वर्षांचा दुष्काळ संपला नसता. ऑक्टोबर २०१६ नंतर तो आर्सेनलसाठी कधीच खेळला नाही. घोट्यावर शस्त्रक्रियेवर शस्त्रक्रिया, जखमेत जंतुसंसर्ग, टाचेच्या वरची शीर सुमारे आठ सेंटिमीटर खाल्लेली. हातावरची कातडी काढून घोट्यावर लावली, त्यात मुलीच्या नावाच्या गोंदणाचा तुकडाही तिकडे गेला. बागेत मुलासोबत चालता आलं तरी समाधान माना, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो माणूस २०१८ मध्ये व्हियारेआल या स्पेनमधल्या आपल्या जुन्या क्लबात परतला, रेआल माद्रिदविरुद्ध एकाच सामन्यात दोन गोल केले, स्पेनच्या संघातही परत गेला.

पण त्याची खरी घरवापसी २०२३ ची. रेआल ओव्हिएदो हा त्याचा लहानपणीचा क्लब. २००३ मध्ये कर्जापायी क्लब थेट चौथ्या श्रेणीत ढकलला गेला, तेव्हा त्याला तिथून जावं लागलं होतं. २०१२ मध्ये क्लब बुडायला आला तेव्हा त्यानं आणि तिथूनच पुढे गेलेल्या हुआन माता, मिचू या खेळाडूंनी शेअर विकत घेतले. जगभरच्या सामान्य लोकांनीही घेतले. अडतिसाव्या वर्षी तो नियमानं शक्य तेवढ्या कमीत कमी पगारावर परतला आणि त्याच्या जर्सीच्या विक्रीतला वाटा क्लबच्या पोरांच्या अकादमीला जाईल अशी अट घातली. कधी सुरुवातीला, कधी शेवटी शेवटी, अंग साथ देईल तसा खेळला. पहिल्या श्रेणीत जाण्यासाठीची २०२४ ची प्ले-ऑफ फायनल हरले. २०२५ च्या फायनलमध्ये मिरांदेसविरुद्ध दोनपैकी पहिला सामना ०-१ गमावलेला, २१ जूनच्या दुसऱ्यातही आधी गोल खाल्लेला, तेव्हा चाळीस वर्षांच्या काझोर्लानं पेनल्टी मारून बरोबरी केली. जादा वेळेत ३-१. चोवीस वर्षांनी ओव्हिएदो पहिल्या श्रेणीत.

हे सगळं कोल्हापुरात बसून लिहितोय, म्हणून एक घरचंही. आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब या तालमींच्या फुटबॉल संघांवरून बार्सिलोनाइतक्याच जोरात भांडणं होतात. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कुठला पोरगा कुठल्या तालमीकडे गेला याची चर्चा चहाच्या गाड्यावर आधी होते. गेलेला परत आला तर पेठ त्याला खांद्यावर घेते, आणि घ्यावंच. पण शाहू स्टेडियमवर मधल्या काळात त्याच्या जागी जीव तोडून खेळलेल्या पोराला काय सांगायचं, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. मला कायम त्या पोराची बाजू घ्यावीशी वाटते.

म्हणूनच मेस्सीबद्दलचं माझं मत ऐकून लोक चिडतात. ऑगस्ट २०२१ मध्ये लीगच्या आर्थिक नियमांत करार बसेना म्हणून बार्सिलोना त्याच्याकडून सुटलं, ती जखम अजून ओली आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात तो परतणार अशी जोरदार हवा होती. पण आपल्यासाठी कुणाला विकावं लागेल, कुणाचा पगार कापावा लागेल, हे नको म्हणत तो अमेरिकेतल्या इंटर मायामी क्लबात गेला. मला तेव्हाही ते बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. त्याच्याशिवाय बार्सिलोनानं नुकतीच लीग जिंकली होती. आणि त्याच एप्रिलमध्ये पंधरा वर्षांचा लामिन यमाल पहिल्यांदा उतरला होता, उजव्या बाजूनं आत घुसणारा डावखुरा, म्हणजे नेमक्या मेस्सीच्याच जागेवरचा. मेस्सी आला असता तर दोघांपैकी एकाला बाहेर बसावं लागलं असतं. कँप नोऊच्या, बार्सिलोनाच्या मैदानावरच्या, माणसांसमोर मेस्सीचं नाव यादीतून काढणारा प्रशिक्षक कोण, ते आधी सांगा. मग पुढचं बोलू.